पेल्यातला धागा

किनांगोपच्या पठारावर, भर दुपारी,
बटाट्याच्या एका झाडानं मान टाकली.
हिरवंगार होतं. पिवळं पडायलाही सवड मिळाली नाही त्याला.
संध्याकाळी धुकं उतरलं तशी त्यानं मान पुन्हा उचलली
आणि बाबा म्हणाले, ऊन लागलं असेल.
बाबांना ठाऊक होतं, ऊन लागलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी चेलागाट आली फटफटीवरून.
गमबूट ब्लीचच्या पाण्यात बुडवले, मगच कुंपणाच्या आत.
तिनं खोड कापलं, पेन्सिल तासावी तसं तिरकं,
आणि आमच्याच चहाच्या पेल्यात, स्वच्छ पाण्यात, टांगलं.
आम्ही वाकून बसलो,
मी, बाबा आणि म्वानिकी, ज्यांचं शेत आमच्या वरच्या अंगाला.
कापल्या जागेतून एक धागा खाली सुटला,
दुधाळ, सावकाश, न तुटता.
म्वानिकी म्हणाले, "देखणा आहे."
कुणीच काही बोललं नाही.
मग ते स्वतःच्या अनवाणी पायांकडे बघत राहिले,
चिखल अजून ओला होता, त्यांच्या शेतातला.

तीन वर्षं बटाटा नको, चेलागाट म्हणाली,
टोमॅटो नको, मिरची नको, वांगं तर नकोच.
कांदा लावा. वाटाणा लावा. त्यावर त्याचं भागत नाही.
बाबांनी विचारलं, म्हणजे उपाशी मरेल?
ती म्हणाली, कमी होईल.
मरेल म्हणाली नाही ती,
हे मला फार उशिरा आठवलं.

तीन वर्षं, म्हणजे आमचे सहा हंगाम.
कांदा, कांदा, वाटाणा, कांदा.
माझ्या वह्यांना कांद्याचा वास, उशीला कांद्याचा वास.
न लावता उगवलेलं बटाट्याचं एखादं रोप दिसलं
की बाबा फोनवर बोलता बोलता वाकायचे,
गड्ड्यासकट उपटून पोत्यात,
आणि बोलणं तिथूनच पुढे चालू.

आईनं तेवढी पाटाकडेची मानागू राखली.
तिला लावावं लागत नाही,
फक्त उपटू नये लागतं.
काळी इवली फळं, कडसर पाला,
दुधात शिजवला की कडूपणा नरमतो.
महिनाअखेरीला आम्ही तीच खायचो,
कांद्याशिवाय, मी हट्टच धरायचे.

सातव्या हंगामात शिक्क्याचं बियाणं आलं.
पांढरी फुलं धरली. बाबा शिट्टी वाजवत पाणी बघायला गेले
आणि शिट्टी मध्येच थांबली.

पाटाच्या कडेचं झाड. पुन्हा दुपारीच.
पेला, पाणी, तिरका काप.
या वेळी वाकून बघायला कुणी आलं नाही.

चेलागाटनं मानागूचं एक झाड खणून काढलं,
तकतकीत, ठणठणीत,
मूळ पिशवीत घालून नाकुरूला पाठवलं.
माणसाला काही होत नाही,
हे तिनं आम्ही विचारायच्या आधीच सांगितलं.
दहा दिवसांनी फोन आला.
तिच्या मुळांत तो राहत होता, सहाही हंगाम,
भाडं न देता, आवाज न करता.
वरून म्वानिकींच्या शेतातलं पाणी पाटात उतरायचं
आणि कुठे मुरत होतं
ते आता सगळ्यांनाच कळलं.

"हिला तर काहीच झालं नाही," आई म्हणाली,
घरातल्याच कुणाची बाजू घ्यावी तशी.
मग तिनंच सगळी उपटली,
पाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत,
दिवसभर, पदर न खोचता
(पदर कुठला, तिचा तो जुना लेसो,
कमरेवरून सारखा सुटणारा).

कुदळ जाते तिथवर आम्ही खणलं.
त्याच्या खाली काय आहे हे कुदळीला माहीत नाही.

आता दाराशी एक फुटकी बादली आहे,
विकतची माती, चुलीवर भाजलेली,
तिच्यात मानागूचं एक रोप.
परवा चेलागाट निघाली तेव्हा आईनं विचारलं,
बादलीतली चालेल ना?
चेलागाट गमबूट पाण्यात बुडवत होती,
एक, मग दुसरा,
मग पुन्हा पहिला.